शेपूट धरून केलेलं पुढारपण

धैर्य या विषयावर मी पहिलं भाषण केलं तेव्हा माझ्या धोतराचा सोगा माझ्याच पायाखाली अडकला होता, आणि तो सोडवून घ्यावा की तसाच राहू द्यावा हे भाषण संपेपर्यंत माझं ठरलं नाही. नगरला शाळेत होतो. वक्तृत्वाची स्पर्धा होती. एका जागी खिळून बोलल्यामुळे परीक्षकांना माझा निश्चय फार आवडला आणि त्यांनी मला पितळी तांब्या बक्षीस दिला. तो तांब्या आमच्या गावी, पारनेर तालुक्यात, ओसरीवर दर्शनी जागी ठेवला गेला. माझे वडील गावचे जोशी. पंचांग विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी तांब्या दाखवत आणि म्हणत, "आमचे चिरंजीव धैर्यावर तासभर बोलतात."

चिरंजीवांचं धैर्य प्रत्यक्षात कसं होतं, ते चिरंजीवांनाच ठाऊक. बेचाळीसच्या गडबडीत मी एका प्रभातफेरीत सामील झालो होतो. कोपऱ्यावर पोलिसाची शिट्टी वाजली आणि मी पाहिलं तर मी एका शिंप्याच्या दुकानात हात पसरून उभा होतो, आणि तो बिचारा माझ्या छातीचं माप घेत होता. फेरीतली मुलं दोन दिवस कोठडीत राहून आली. मी सदरा शिवून आलो. गावी मात्र मी 'चळवळीत होतो' असंच सांगितलं गेलं आणि मी ते कधी खोडून काढलं नाही.

पुढे मॅट्रिकला गणिताने दगा दिला आणि मी घरी येऊन बसलो. मास्तरकीसाठी अर्ज करावा की पुन्हा परीक्षेला बसावं, याचा विचार करण्यात वर्ष गेलं. आई सकाळी विचारायची, "पिठलं करू की आमटी?" मी म्हणायचो, "काहीही कर." मग तिने पिठलं केलं की मला वाटे, आमटी बरी झाली असती. असा मी. आणि अशा माणसाला गावाने म्होरक्या केलं, त्याची ही हकीकत.

आमच्या भागातला पाऊस हा एक चेष्टेखोर प्राणी आहे. ढग येतात, आमच्या डोक्यावरून जातात, पण उतरत नाहीत. वर घाटात मात्र धो धो पडतो. त्यामुळे आमच्या विहिरीत बादली तळाला खडखडत असते आणि तिकडे मुळा नदी दुथडी भरून चाललेली असते, असा प्रकार आम्ही लहानपणापासून बघत आलो. त्या वर्षी आषाढ कोरडा गेला. बाजरी बोटभर वर आली आणि जळाली. श्रावण लागला तरी माळावर गवताची काडी दिसेना. बाजरी गेली ती गेली, पण पुढे भाद्रपदात थोडा तरी पाऊस होईल आणि रब्बीची ज्वारी पेरता येईल, ही आशा होती. त्यासाठी बैल जगवायला हवे होते.

अशा वर्षी गावाची एक रीत होती. सगळ्यांची जनावरं एकत्र करून मुळेपलीकडे, कालव्याच्या मुलखात न्यायची. तिथे आमच्या गावाचा एक जावई मोठा बागायतदार होता. सासुरवाडीच्या गुरांना तो आपलं पडीक रान चरायला मोकळं करून द्यायचा. अट एकच होती, लवकर या, कारण आणखी गावंही मागे लागलेली असतात. वाटेत सगळ्यांनी एका माणसाचं ऐकायचं, तो म्होरक्या. कुठल्या वाटेने जायचं, कुठे थांबायचं, नदी कधी उतरायची, हे तो ठरवणार आणि त्यावर कोणी ब्र काढायचा नाही.

जुने म्होरके आदल्या वर्षी वारले होते. नवा कोण, यासाठी भैरोबाच्या देवळात बैठक बसली. वरच्या आळीचे पाटील म्हणाले, आमचा. खालच्या आळीचे म्हणाले, आमचा. या दोन आळ्यांचं भांडण आजोबांच्या काळातलं होतं आणि ते कशावरून सुरू झालं हे कोणालाच आठवत नव्हतं, म्हणून ते मिटतही नव्हतं. शेवटी गुरवाने देवाला कौल लावला. म्हणजे पाण्यात भिजवून फुलाच्या दोन पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. भैरोबासुद्धा आमच्या गावाच्या भांडणात पडायला तयार नव्हता.

तेव्हा कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "जोशाचं पोरगं करा की. ते ना वरल्या आळीचं, ना खालल्या."

"त्याचा बैल बी न्हाई कळपात," दुसरा म्हणाला. "म्हंजी पक्षपात न्हाई करायचं."

"आन् धैर्यावर बोलतंय," तिसऱ्याने भर घातली.

बैल नसणं, आळी नसणं आणि तांब्या असणं, एवढ्या तीन गुणांवर माझी निवड झाली. वडिलांनी अभिमानाने माझ्याकडे पाहून विचारलं, "काय रे?" मी म्हणालो, "बघू." आमच्या मुलखात 'बघू' म्हणजे नाही. पण वडील आनंदात होते, त्यांनी नारळ फोडला.

निघताना त्यांनी देवघरातला भैरोबाचा टाक, म्हणजे देवाची मूर्ती उठवलेला चांदीचा पत्रा, फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवला. म्हणाले, "अगदीच अडचण आली तर देवाला विचार." 'अगदीच' हा शब्द मी ऐकला नाही, किंवा ऐकला आणि सोईस्कर विसरलो.

कळपाबरोबर दोन्ही आळ्यांचे गडी होते आणि एक बाई होती. तिला मी मावशी म्हणायचो. नवरा गेलेला, मूल नव्हतं. तिची एक बैलजोडी होती, एक तांबडा आणि एक पांढरा. दोन्ही तिने वासरं होती तेव्हापासून वाढवलेले. बाकीच्या बायका जनावरं गड्यांबरोबर पाठवत, ही मात्र स्वतः आली होती. कारण साधं होतं. तिचा दीर तिच्या रानावर डोळा ठेवून बसला होता. "बाईमाणसाला शेत होत नाही, मी वाट्याने करतो," असं तो वर्षभर ऐकवत असे. जोडी दारात होती तोवर ती त्याला हिंग लावून विचारत नव्हती. जोडी मोडली की पेरायला त्याच्याच पाया पडावं लागणार, आणि एकदा त्याची पेरणीची पाभर त्या रानात शिरली की ती परत बाहेर निघणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. हे सगळं तिने मला पहिल्याच दिवशी चालता चालता सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "म्हनून म्हाराज, नीट न्या. माजं समदं ह्या आठ पायांवं हाय."

मी म्हणालो, "काळजी करू नका, मावशी." हे वाक्य मी भाषणात म्हणायचो त्याच आवाजात म्हणालो.

त्याच दिवशी दुपारी वाट फुटली. एक वाट माळावरून जवळची, पण पाण्याची सोय नसलेली. दुसरी लांबची, ओढ्याच्या कडेने. वरची आळी म्हणाली माळावरून, म्हणून खालची आळी म्हणाली ओढ्याने. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीतून टाक काढला, एका दगडाला टेकवला, तरवडाची पिवळी फुलं तोडली आणि कौल लावला. वाऱ्याने पाकळ्या उडून गेल्या. पुन्हा लावला. या वेळी एक पडली. मी म्हणालो, "उजवी." तेवढ्यात खालच्या आळीचा एक म्हातारा म्हणाला, "कोनाची उजवी? देवाची का तुमची?"

या प्रश्नाचा मी कधी विचार केला नव्हता. देव आपल्याकडे तोंड करून बसतो, म्हणजे त्याची उजवी ती आपली डावी. वरच्या आळीचं म्हणणं पडलं की कौल मागणारा माणूस, तेव्हा उजवी माणसाची. खालच्या आळीचं म्हणणं, कौल देणारा देव, तेव्हा उजवी देवाची. दोन्ही बाजूंना मोठमोठ्या पूर्वजांचे दाखले निघाले. उन्हं कलायला लागली. मी मध्ये टाक धरून उभा. एवढ्यात वाद ऐकून कंटाळलेला एक बैल ओढ्याच्या वासाने आपणहून लांबच्या वाटेला लागला, त्याच्यामागे बाकीचे गेले आणि सगळी बैठक त्यांच्यामागे पळाली. मी पळत पळत जाहीर केलं, "देवाने जनावराच्या रूपाने कौल दिला!"

मावशी माझ्या बाजूने चालत होती. म्हणाली, "द्येवाला इच्यारायचं तं खुशाल इच्यारा. पन जनावरं चरत आसतील तवा इच्यारा. उपाशी हुभी करून नगा इच्यारू."

मला राग आला. म्होरक्याला कोणी शिकवायचं नाही अशी रीत होती ना! पण रागावून काय बोलावं हे ठरेपर्यंत ती पुढे निघून गेली होती.

मुळेच्या काठावर पोचलो तेव्हा दिवस बराच शिल्लक होता. तिथे नदीला जुना उतार होता, पात्र रुंद पण तळ खडकाळ. पाणी गढूळ होतं आणि जनावराच्या गुडघ्याला लागत होतं. पलीकडे हिरवं दिसत होतं. कितीतरी दिवसांनी हिरवं बघून गुरं माना वर करून हंबरायला लागली. पश्चिमेला मात्र आभाळ काळंकुट्ट झालं होतं.

"आत्ताच घाला पान्यात," मावशी म्हणाली. "वर लई आभाळ आलंय."

वरच्या आळीने सांगितलं, जनावरं दमली आहेत, रात्रभर बसवू, उद्या ताजी उतरतील. खालची आळी म्हणाली, नाही, आत्ताच. दोघांचंही मला पटलं. हा माझा जन्मजात दोष आहे, मला समोरच्याचं लगेच पटतं आणि समोर दोघे असले की दोघांचंही पटतं. मी टाक काढला. उजवी कुणाची यावर आता एकमत झालं होतं, देवाची. पाकळ्या लावल्या. डावी पडली. म्हणजे आज नाही.

त्या क्षणी मला जे हायसं वाटलं ते मला आजही आठवतं. आज काही करायचं नाही! उजवी पाकळी लावताना मी तिला जरा जास्तच पाणी लावलं होतं का, म्हणजे ती चिकटून राहावी म्हणून? कुणी शपथेवर विचारलं तर मला सांगता येणार नाही. मी भाकरी खाल्ली आणि शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी पाणी जनावराच्या पोटाला आलं होतं. गंमत अशी की आता आळ्यांनी आपापली मतं बदलली. काल थांबू म्हणणारे म्हणत होते, चढतंय, आत्ताच चला. काल चला म्हणणारे म्हणत होते, पाणी वाढलंय, उतरू द्या. मला पुन्हा दोघांचंही पटलं. कौल लावला. दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. मी म्हणालो, देव विचार करतोय. संध्याकाळी पुन्हा लावला, तेव्हा एक पाकळी पडलीच नाही, ती टाकाला चिकटून वाळून गेली. एका गड्याने ती नखाने खरवडून काढली आणि ती कुठली मोजायची यावर पुन्हा वाद झाला.

त्यानंतरच्या सकाळी अलीकडच्या काठावर गवत उरलं नव्हतं. गुरांनी बाभळीचा पाला, वाळलेल्या शेंगा, काय मिळेल ते ओरबाडून खाल्लं. काही जवळच्या बाजरीत शिरली, तेव्हा तिथले लोक काठ्या घेऊन आले आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेले. दुपारी पलीकडच्या काठावर जावयाचा माणूस येऊन उभा राहिला. दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, "दुसऱ्या गावाची गुरं येऊन बसल्यात! आज येनार आसंल तं रान ठिवतो, न्हाई तं त्यांना देतो!"

पाणी आता कडेलाच माझ्या छातीला लागलं असतं. जनावरांचे पाय मध्यभागी सुटणार हे उघड होतं. पण ती पोहतात. ताकद असेल तर पोहतात.

मावशी आली. तिचा तांबडा पुढचे गुडघे टेकून बसला होता आणि उठवला तरी उठत नव्हता. तिने शेपूट पिरगाळून त्याला उभा केला होता. "म्हाराज," ती म्हणाली, "आज न्हाई गेलं तं उद्या ह्यो चालायचा न्हाई. काय ते सांगा."

मी पिशवीत हात घातला. टाक काढला. मग फुलं शोधायला लागलो. एक नव्हतं. त्या काठावरच्या तरवडाची सगळी फुलं माझ्याच कौलांत संपली होती. मी एका झुडपाकडून दुसऱ्या झुडपाकडे गेलो, तिसऱ्याकडे गेलो. मागे वळून पाहिलं तर सगळे गडी, दोन्ही आळ्यांचे, गप्प उभे राहून एका वीस वर्षांच्या माणसाला फुलं हुडकताना बघत होते. कुणी हसत नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं.

मी टाक फडक्यात बांधला आणि म्हणालो, "चला."

कोणी हललं नाही. त्यांना वाटलं मी परत फुलं शोधायला चला म्हणतोय. मी पुन्हा म्हणालो, "पाण्यात घाला." या वेळी आवाज चिरकला. तरी कोणी हललं नाही. माझ्या तोंडून निर्णय निघण्याची त्यांना सवयच नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की आता मलाच आधी उतरावं लागणार.

मला पोहता येत नव्हतं. पारनेर तालुक्यात कुणी पोहायला कशात शिकणार! वरच्या आळीच्या पाटलांचा एक धिप्पाड बैल होता. एका गड्याने त्याला पाण्यात घातला आणि मला म्हणाला, "शेपूट धरा. काईबी झालं तरी सोडू नगा." इतिहासात पुढारी घोड्यावर बसून नदी पार करतात. मी डोळे मिटून, नाकातोंडात पाणी जात असताना, दुसऱ्याच्या बैलाच्या शेपटाला लटकून गेलो. वाटेत मी भैरोबाचं, ग्रामदेवतेचं, कुलदैवताचं आणि त्या शिंप्याचंही नाव घेतलं असावं. बैलाने वाटेत एकदा शेण टाकलं. मी शेपूट सोडलं नाही.

पाय टेकले तेव्हा मी मागे वळून पाहिलं. सगळा कळप पाण्यात होता. शिंगंच शिंगं दिसत होती आणि मध्ये मध्ये माणसांची डोकी. एकामागून एक जनावरं वर चढायला लागली. मला वाटलं, झालं. मला वाटलं, हे मी केलं! आणि तेवढ्यात मध्यावर तांबडा फिरला. त्याने प्रवाहाच्या आडवं तोंड धरण्याऐवजी प्रवाहाबरोबर तोंड केलं. मावशी पांढऱ्याच्या शेपटाला होती, ती ओरडली, त्याला हाक मारली. तो वळला नाही. त्याच्यात वळण्याचा जीव नव्हता. थोडा वेळ शिंगं दिसली, मग एकच शिंग दिसलं, मग नदीच दिसली.

आम्ही काठाकाठाने धावलो. मीही धावलो, पायात काटे मोडेपर्यंत. खालच्या वळणावर सगळे थांबले. पुढे डोह होता. मावशी सगळ्यांच्या मागून चालत आली, त्या डोहाकडे बघत उभी राहिली आणि मग पांढऱ्याकडे परत गेली. मी तिच्याजवळ गेलो. खूप बोलायचं होतं. धैर्यावर तासभर बोलणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळेना. ती म्हणाली, "काई बोलू नगा." मग मी तिथून निघून गेलो आणि एका बाभळीमागे बसून रडलो. हे कुणी पाहिलं नाही असं मला वाटतं.

जावयाच्या रानात मात्र मी बदललो. कुणी काही विचारलं की मी ताबडतोब उत्तर द्यायला लागलो. भीतीच बसली होती म्हणा ना, की थांबलो तर पुन्हा काहीतरी वाहून जाईल. तळ कुठे टाकायचा? इथे. तिथे मुंग्यांचं वारूळ निघालं आणि पहिल्याच रात्री सगळे नाचत होते. सकाळी म्हणालो, तिकडे हलवा. हलवला. कुठल्या आळीने कुठे चारायचं, पाटाच्या पाण्यावर आधी कुणी जायचं, सगळं मी बोट दाखवून सांगत असे. निम्मं चुकत असे. पण खालच्या आळीचा तो उजव्या-डाव्याचा म्हातारा एकदा म्हणाला, "चुकतंय, पन लौकर चुकतंय. दुरुस्त कराया येळ मिळतोय." म्होरक्या म्हणून मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र.

पोळा तिथेच झाला. सगळ्यांनी बैलांची शिंगं रंगवली. मावशीने वाटेत बसून दोघांसाठी सुताचे गोंडे वळले होते. पांढऱ्याला बांधले. उरलेले तिने एका लहान वासराला बांधले, ते कुणाचं होतं तेही तिने विचारलं नाही. मी ते लांबून पाहिलं.

भाद्रपद संपता संपता आमच्याकडे पाऊस झाल्याची बातमी आली आणि आम्ही परतलो. येताना नदी शहाण्यासारखी घोट्याला होती. गावात शिरलो त्याच संध्याकाळी भैरोबाच्या देवळात सगळे जमले. म्होरक्याने देवापुढे नारळ ठेवून हकीकत सांगायची, अशी रीत. वाटेत मी हकीकत मनाशी पुन्हा पुन्हा घोळवली होती. खोटं कशाला बोलू, चांगली रंगवली होती.

तांबड्याची गोष्ट आली तेव्हा वरच्या आळीचे पाटील समजुतीच्या स्वरात म्हणाले, "भैरोबाची मर्जी. द्येवानं कौल दिला, तुमी नेली. तुमचा काय दोष न्हाई."

बाहेर पडायला वाट मोकळी होती. सगळे माना डोलावत होते. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला चांगलं जमतं. पण मावशी खांबाला टेकून बसली होती. मी उभा राहिलो. म्हणालो, "देवाला विचारलंच नव्हतं. त्या दिवशी कौल लावला नव्हता. भरल्या पाण्यात जनावरं घालायची, हे मी ठरवलं. मावशींचा बैल माझ्या ठरवण्याने गेला."

मग पाटलांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हनत्यात म्होरक्या! दुसरा आसता तं द्येवावं ढकलून मोकळा झाला आसता. जोशीबुवा, पोरगं तयार झालं तुमचं." वडिलांनी उपरण्याने डोळे पुसले. मी इतका फुगलो की पुढचंही एका दमात बोलून टाकलं. "पाटील, तुमच्याकडे एक बैल मोकळा आहे. मावशींच्या पांढऱ्याशी त्याची सावड करा, दोघांची मिळून एक जोडी. उद्यापासून. आधी त्यांचं रान पेरून होईल, मग तुमचं."

पाटलांना असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांचा मावशीच्या दिराशीही घरोबा होता. ते माझ्याकडे पाहत राहिले. मी नजर खाली घातली नाही. शेवटी ते म्हणाले, "बरं. तसं करू." मागच्या बाजूला बसलेला दीर उठून निघून गेला.

आता मावशी काहीतरी म्हणेल, असं मला वाटलं. धन्यवाद नव्हे, पण दोन शब्द. जे धैर्य मला भाषणात, प्रभातफेरीत आणि नदीवर सापडलं नाही, ते मी आत्ता सगळ्या गावादेखत दाखवलं होतं. मी तिच्याकडे तोंड करून, जरा मान तिरकी करून, नम्रपणे ऐकायच्या तयारीत उभा राहिलो.

ती उठली. पदर सारखा केला. "रान पेरंल," ती म्हणाली, "लई उपकार झालं, पाटील." मग माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच मला दुसरीकडे बघता आलं नाही.

"पन म्हाराज, तुमी पान्यात घातलं म्हनून न्हाई गेला माजा तांबडा. आपुन पैल्यांदा गेलो तवा पानी गुडघ्याला हुतं. तवाच हे आसं बोलला आसता, तं त्यो चालत गेला आसता."

एवढं म्हणून ती पायऱ्या उतरून घरी गेली. पाटलांनी दुसरा विषय काढला. वडील नारळाचे तुकडे करायला लागले आणि त्यांनी पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो हातात धरून उभा राहिलो. तिचं खरं होतं.